रात्रपाळीच्या कामगारांची छातीतली जळजळ: तिखट कमी करूनही फरक नाही, आणखी काय तपासायचं?

पाळी_परिचारिका

नमस्कार. चाकण भागातल्या एका कारखान्याच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून काम करते. पाळ्या तीन आहेत: सकाळी 7 ते दुपारी 3:30, दुपारी 3:30 ते रात्री 12, आणि रात्री 12 ते सकाळी 7. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं, करपट ढेकरा या तक्रारी दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीत ठळकपणे जास्त दिसतात. बहुतेक कामगार 25 ते 50 वयाचे. वेल्डिंग, असेंब्ली आणि माल चढवण्या-उतरवण्याची कामं.

उपाहारगृहातल्या रश्शाचं तिखट कमी करायला लावलं, पण ॲसिडिटीच्या गोळ्यांची मागणी तेवढीच आहे. आता प्रत्येक तक्रारदाराला विचारायचे प्रश्न ठरवायचे आहेत. कोणती कारणं आधी शोधावीत, जेवणात आणि पाळीच्या वेळांत नेमके काय बदल करावेत, आणि औषधांमुळे होणारी जळजळ कशी ओळखावी, हे जाणकारांनी सांगावं. उत्तरं शक्य तितकी नेमकी हवीत, कारण ती तशीच पाळीच्या पर्यवेक्षकांना समजावून सांगायची आहेत.

उदरविकार_तज्ज्ञ

ताई, तुमच्या निरीक्षणातच अर्धं उत्तर आहे. तक्रार पाळीनुसार बदलते आहे, म्हणजे "काय खाल्लं" यापेक्षा "कधी, किती आणि त्यानंतर किती वेळात आडवे झाले" हे आधी विचारा.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचा एक आवळ असतो. आपण बोलताना त्याला झडप म्हणतो. गिळताना तो सैल होतो, एरवी मिटलेला असतो. जठराच्या आतल्या बाजूला श्लेष्म्याचा थर असतो, म्हणून तिथलं तीव्र आम्ल त्याला सोसतं. अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. झडप नको त्या वेळी उघडली की आम्ल वर येतं आणि छातीच्या मधल्या हाडामागे जळतं. बहुसंख्य लोकांत आम्ल जास्त तयार होत नसतं, नेहमीएवढंच आम्ल चुकीच्या जागी जात असतं. हे कामगारांना नीट समजलं तर "मला फार ॲसिड होतं, रोज गोळी द्या" हा आग्रह बराच कमी होतो.

झडप अवेळी सैल होण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे जठर ताणलं जाणं. भरपेट जेवण, वरून लोटाभर पाणी, सोडा, घाईघाईत गिळलेली हवा, सगळ्यांचा परिणाम तोच. जठराचा वरचा भाग ताणला की ढेकर बाहेर सोडण्यासाठी झडप काही सेकंद उघडते आणि त्या फटीतून आम्लही येतं. शिवाय जेवणानंतर नवीन तयार झालेलं आम्ल अन्नात पूर्ण मिसळत नाही. त्याचा एक थर अन्नाच्या वर, झडपेच्या अगदी खाली साचतो. त्यामुळे जळजळ रिकाम्या पोटापेक्षा जेवणानंतर तासा-दोन तासांत जास्त होते.

आता पाळीचं गणित बघा. कमी तेलाचं साधं जेवण असेल तर निरोगी माणसाचं जठर जवळपास रिकामं व्हायला चार तास लागतात. तेलकट असेल तर त्याहून जास्त. दुसऱ्या पाळीचा कामगार 12 ला सुटतो, पाऊण वाजता घरी पोचतो, तेव्हा पोटभर जेवतो आणि दीडला आडवा होतो. उभं असताना गुरुत्वाकर्षण आम्ल खाली ठेवतं, तो आधार जातो. झोपेत लाळ कमी सुटते आणि गिळणंही कमी होतं, त्यामुळे वर आलेलं आम्ल अन्ननलिकेत जास्त वेळ राहतं. तिसऱ्या पाळीवाल्याचं हेच सकाळी साडेसातच्या नाश्त्यानंतर होतं. त्यात अपुरी झोप असेल तर तेवढंच आम्ल जास्त जळतं, कारण अन्ननलिकेची संवेदनशीलता वाढते.

तिखटाबद्दल एवढंच, की मिरची झडप उघडत नाही. आधीच सोललेल्या अस्तराला ती झोंबते. म्हणून ज्यांना तिखटाने जळतं त्यांनी ते जरूर कमी करावं, पण सर्वांचा रस्सा अळणी करून मूळ कारण जात नाही.

यानंतर पोटावरचा दाब विचारा. वाढलेला घेर हे त्यातलं मोठं कारण. सुटलेलं पोट जठराला सतत खालून दाबतं, आणि वजन थोडं जरी उतरलं तरी बऱ्याच जणांना फरक जाणवतो. माल उचलणाऱ्यांचा कमरेचा आधारपट्टा जेवणानंतर घट्ट आवळलेला असतो का ते बघा. जेवून लगेच वाकून वेल्डिंग करणं किंवा यंत्राखाली ओणवं होणं यानेही आम्ल वर येतं. जेवणानंतरचा पहिला तास उभ्याने करायची कामं देता आली तर पर्यवेक्षकांना तसं सुचवा.

आणि तंबाखू. निकोटिनमुळे झडप सैल पडते. शिवाय चुना-तंबाखू, गुटखा किंवा मशेरी लावणारा माणूस लाळ थुंकत राहतो. आम्ल शमवणारं बायकार्बोनेट त्या लाळेतच असतं, ते अन्ननलिकेत पोचतच नाही. रात्रपाळीत जागं राहण्यासाठी तंबाखूचं प्रमाण वाढतं, म्हणून "दिवसाला किती पुड्या" याबरोबर "रात्री किती" हेही विचारा. दारूबद्दलही विचारा, विशेषतः पाळी सुटल्यावर झोप लागावी म्हणून घेणाऱ्यांना.

पथ्य_आणि_पाककृती

आहाराच्या बाजूने लिहिते. डॉक्टरांनी वेळेचं सांगितलंच आहे, त्यावरून जेवणाची मांडणी अशी करता येईल.

दुसऱ्या पाळीचं मुख्य जेवण उपाहारगृहातच रात्री 8 च्या सुमारास होऊ द्या: तीन पोळ्या, भाजी, वरण, एक वाटी भात. बरेच जण "घरी जाऊन जेवायचंच आहे" म्हणून 8 वाजता नुसता वडापाव खातात आणि खरं जेवण एक वाजता होतं. ही सवय बदलली की या पाळीच्या तक्रारी सर्वांत लवकर कमी होतील असं माझं मत आहे. घरी गेल्यावर भूक असलीच तर मुगाची पातळ खिचडी किंवा मऊ भात, एक वाटी, वर तुपाची धार नको. घरच्यांना हे सांगावं लागेल. माणूस दमून आलाय म्हणून ताट वाढून ठेवलेलं असतं, आणि त्या प्रेमाला नाही म्हणणं कामगाराला जड जातं. ते ताट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला वाढा, एवढं सुचवता येतं.

तिसऱ्या पाळीने घरून रात्री साडेनऊ-दहाला जेवून निघावं, पहाटे अडीच-तीनला उपाहारगृहात हलकं खावं (उपमा, इडली, भाजी-पोळी) आणि सकाळी घरी गेल्यावर थोडंसंच खाऊन झोपावं. एक केळं किंवा दोन भाजलेले टोस्ट पुरेत. पोटभर जेवण उठल्यावर, दुपारी तीनला. सकाळी साडेसातला रात्रीची उरलेली मटणाची रस्साभाजी खाऊन साडेआठला झोपणं हे जळजळ हमखास होण्याचं वेळापत्रक आहे.

आता स्वयंपाकघर. मोजायचं असेल तर तिखटाआधी तेल मोजा. स्निग्ध पदार्थांनी जठर सावकाश रिकामं होतं आणि झडपही ढिली पडते. शंभर माणसांच्या रस्साभाजीला सव्वा लिटरच्या वर तेल लागू नये, म्हणजे माणशी 12 मिलिलिटरच्या आसपास. मिसळीवरची तर्री, शेंगदाण्याचा कूट, सुक्या खोबऱ्याचं वाटण हे सगळं चरबीच्या हिशोबात धरा. आचारी कूट आणि खोबरं तेलात मोजत नाहीत, तिथे गणित चुकतं. रात्रीच्या पाळ्यांना भजी, वडा, पुरी ठेवूच नका.

टोमॅटो, चिंच, लिंबू यांचा आंबटपणा अन्ननलिकेला थेट झोंबतो, तेव्हा आमटीत ते अर्धे करून बघा. मिसळीबरोबरच्या कच्च्या कांद्याने अनेकांची जळजळ वाढते. शिजलेल्या कांद्याचा तेवढा त्रास होत नाही. रात्रपाळीतला चहा तोडता येणार नाही हे मान्य, पण रिकाम्या पोटी नको, आणि पाळीच्या शेवटच्या तीन तासांत नको, कारण नंतरची झोपही बिघडते. जेवणानंतर लिंबू-सोडा पिऊन ढेकर काढणाऱ्यांना वाटतं की अन्न पचलं. प्रत्यक्षात सोड्यातल्या वायूने जठर फुगतं आणि त्या ढेकरेबरोबर आम्ल वर येतं.

दुधाचंही सांगायला हवं. थंड दुधाने थोडा वेळ बरं वाटतं, पण त्यातल्या प्रथिनांनी आणि कॅल्शियमने जठर पुन्हा आम्ल सोडतं. झोपण्यापूर्वी पेलाभर सायीचं दूध हा उपाय रात्रपाळीवाल्यांनी करू नये.

उपवासांचा प्रश्न प्रश्नावलीत नक्की घाला. संकष्टीला दिवसभर चहावर राहून चंद्रोदयानंतर, म्हणजे रात्री नऊच्या आसपास किंवा त्याहून उशिरा, एकदम भरपेट जेवण होतं. एकादशीला किंवा श्रावणी सोमवारी साबुदाण्याच्या खिचडीत तूप आणि कूट मिळून जेवढं स्निग्ध पोटात जातं तेवढं रोजच्या जेवणातही नसतं. उपवास सोडा असं कोणाला सांगू नका. वरईचा भात, ताक, राजगिऱ्याची लाही आणि एखादं फळ थोडं थोडं दोन-तीनदा घ्यायला सांगा.

औषधे_आणि_मात्रा

औषधनिर्माता म्हणून माझा भाग. आधी जळजळ करणारी औषधं, मग जळजळीवरची.

कंबरदुखी-गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर घेणारे तुमच्याकडे नक्की असतील, कारण काम अंगमेहनतीचं आहे. या गोळ्या जठराच्या अस्तराचं संरक्षण कमी करतात. जळजळ होते, पुढे व्रणही होऊ शकतो, आणि माणूस एका हाताने वेदनाशामक आणि दुसऱ्या हाताने ॲसिडिटीची गोळी घेत राहतो. रक्तदाबासाठीच्या ॲम्लोडिपिन-निफेडिपिन, छातीच्या दुखण्यावरचं नायट्रेट आणि दम्यासाठीचं थिओफायलिन यांनी झडप सैल होऊ शकते. यातलं कोणतंही औषध कामगाराने स्वतःहून बंद करू नये, फक्त डॉक्टरांच्या कानावर घालावं.

दुसरा प्रकार गोळी अन्ननलिकेत चिकटण्याचा. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल किंवा लोहाची गोळी एका घोटाबरोबर घेऊन लगेच झोपलं तर ती वाटेतच अडकून तिथे व्रण करते. लक्षण असं, की जळजळ अचानक सुरू होते आणि गिळताना एका ठरावीक जागी दुखतं. या गोळ्या पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्यायच्या आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

आता ॲसिडिटीची औषधं. पातळ अँटासिड, म्हणजे आम्ल शमवणारं औषध (बोलीत "जेल"), बाटली हलवून, 10 मिलिलिटर, जेवणानंतर तासाभराने. रिकाम्या पोटी घेतलं तर परिणाम अर्ध्या-एक तासात संपतो, जेवणानंतर घेतलं तर दोन-तीन तास टिकतो. ॲल्युमिनियममुळे शौचाला कडक होतं, मॅग्नेशियममुळे पातळ, म्हणून बहुतेक बाटल्यांत दोन्ही एकत्र असतात. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ही बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. थायरॉइडची गोळी आणि अँटासिड यांत चार तासांचं अंतर ठेवा. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, डॉक्सिसायक्लिन आणि लोह यांचंही शोषण अँटासिडने घटतं.

फसफसणाऱ्या पावडरीच्या एका 5 ग्रॅमच्या पुडीतून 800 मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅमच्या आत सांगितली आहे. रक्तदाबाचा रुग्ण रोज दोन पुड्या घेत असेल तर त्याचा रक्तदाब आटोक्यात का येत नाही याचं एक उत्तर तिथे मिळू शकतं.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल या गटाबद्दल रात्रपाळीत एक चूक सर्रास होते. वेष्टनावर किंवा चिठ्ठीवर "सकाळी उपाशीपोटी" असतं, म्हणून कामगार सकाळी घरी येऊन गोळी घेतो आणि झोपतो. ही गोळी फक्त त्या वेळी चालू असलेले आम्लाचे पंप बंद करते, आणि ते पंप जेवणाने चालू होतात. तिचा रक्तातला मुक्काम काही तासांचाच असतो. झोपेत ती वाया जाते. म्हणून झोपून उठल्यावरच्या पहिल्या पोटभर जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं ही तिची खरी वेळ. अडीचला उठणाऱ्याने अडीचला घ्यावी आणि सव्वातीनला जेवावं. गोळी फोडू किंवा चावू नये, वरचं आवरण तुटलं की जठरातल्या आम्लानेच ती निकामी होते. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे जळजळ झाली की तेवढ्यापुरती एक घेणं या गटाला जमत नाही.

बरेच महिने रोज घेऊन एकदम बंद केली की आम्ल काही आठवडे उसळून येतं. माणसाला वाटतं आजार परत आला. मात्रा आधी निम्मी, मग एक दिवसाआड, अशी डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवतात. हृदयविकारासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल टाळायला सांगतात, कारण क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो.

डोमपेरिडोन मिसळलेल्या कॅप्सूल लोक साध्या ॲसिडिटीला मागून नेतात. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2014 मध्ये त्याचा वापर मळमळ-उलटीपुरता आणि साधारण आठवडाभराच्या मुदतीचा केला. आरोग्य केंद्रात ती कॅप्सूल नियमित वाटायला ठेवू नये असं मी स्पष्टपणे सांगेन.

पाळी_परिचारिका

खूप उपयोगी. पँटोप्राझोलच्या वेळेची चूक आमच्याकडे शंभर टक्के होते आहे, उद्यापासून ती दुरुस्त करते. दोन गोष्टी राहिल्या. अनेक जण सकाळी घशात बोटं घालून पित्त पाडतात आणि त्याने बरं वाटतं म्हणतात. त्यांना काय सांगू? आणि रात्री दोन वाजता कोणी "ॲसिडिटी झालीय" म्हणत आलं, तर ती हृदयाची कळ नाही हे केंद्रात कसं ठरवायचं?

उदरविकार_तज्ज्ञ

पित्त पाडल्यावर जठरातलं आम्ल तात्पुरतं बाहेर जातं, म्हणून हलकं वाटतं. पण ते पूर्ण आम्ल अन्ननलिकेतून आणि दातांवरून जातं, म्हणजे जी गोष्ट टाळायची तीच रोज जोर लावून केली जाते. दातांचं कवच झिजतं, घसा बसतो, आणि जोराच्या उमाळ्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडून रक्त येऊ शकतं. जठर आम्ल पुन्हा लगेच तयार करतं. ही सवय असलेल्यांना रागावू नका, रात्रीच्या जेवणाची वेळ आधी बदलून द्या. सकाळची मळमळ गेली की पित्त पाडायची गरज आपोआप कमी होते. त्यांना आणखी एक सांगा, की उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, साध्या पाण्याने चूळ भरून अर्ध्या तासाने घासावेत.

दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. नुसत्या लक्षणांवरून कोणीही, अनुभवी डॉक्टरही, खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून नियम असा ठेवा: छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात नव्याने दुखत असेल आणि त्याबरोबर घाम, धाप, जबडा-खांदा-हात-पाठीकडे जाणारी कळ, चक्कर, किंवा चालल्यावर-वजन उचलल्यावर वाढणं यातलं एक जरी असलं, तर ती ॲसिडिटी धरायची नाही. माणूस आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढा. सोय नसेल तर 108 ला फोन करा. त्याला दुचाकीवरून एकट्याला पाठवू नका. पहिला ईसीजी ठीक आला तरी रुग्णालयात पाठवायचंच, कारण सुरुवातीला तो सामान्य असू शकतो. मधुमेह्यांत कळ सौम्य किंवा नुसती मळमळ असू शकते, त्यांच्याबाबतीत उंबरठा आणखी खाली ठेवा.

आणि अँटासिडचं जेल पाजल्यावर बरं वाटलं, यावरून हृदय ठीक आहे असा निष्कर्ष काढू नका. हृदयाची कळही काही मिनिटांत आपोआप ओसरू शकते आणि श्रेय जेलला मिळतं. यात जीव गेलेले आहेत.

बाकीच्यांपैकी दुर्बिणीच्या तपासणीसाठी लवकर कोणाला पाठवायचं? गिळताना अडकतं किंवा दुखतं, वजन विनाकारण उतरतंय, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखं काळं शौच (लोहाच्या गोळ्या चालू नसताना), रक्त कमी, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. हे काही नसेल, पण रोज वेळेवर गोळी घेऊनही आठ आठवड्यांत फरक नसेल, तेव्हाही पाठवा. बऱ्याच जणांची तपासणी नॉर्मल येते. त्याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. अशा वेळी अन्ननलिकेतलं आम्ल 24 तास मोजण्याची वेगळी चाचणी असते.

कार्यस्थळ_सुरक्षा

झोपण्याबद्दल कोणी सविस्तर लिहिलं नाही म्हणून भर घालतो. उशा वाढवून उपयोग होत नाही. फक्त मान वाकते, माणूस कमरेत दुमडतो आणि पोटावर उलट दाब येतो. उतार पूर्ण धडाला हवा. खाटेच्या डोक्याकडचे दोन पाय 15 ते 20 सेंटीमीटर उचलायचे. नेहमीची वीट आडवी ठेवली की साडेसात सेंटीमीटर उंच असते, तेव्हा प्रत्येक पायाखाली दोन विटा पुरतात. लोखंडी खाटेचा पाय विटेवरून घसरतो, म्हणून वर खाचा पाडलेला लाकडी ठोकळा ठेवा किंवा पायाला रबरी बूच लावा.

तुमचे बरेच कामगार चार-पाच जणांत खोली घेऊन जमिनीवर गादी टाकून झोपत असतील. त्यांच्यासाठी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, 19 मिलिमीटरचा प्लायवूड घ्या. डोक्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांखाली दोन-दोन विटा आणि बरोबर मध्यावर दोन्ही कडांना एकेक वीट. मधल्या विटा टाळल्या तर फळी बाक घेते आणि पुन्हा कमरेत दुमडणं होतं. फळीवर गादी, आणि पायाकडे गादी भिंतीला टेकवलेली, म्हणजे झोपेत माणूस खाली सरकत नाही.

डाव्या कुशीवर झोपायला सांगा. जठराचा मोठा भाग डावीकडे आहे, डाव्या कुशीवर आम्ल तिथे साचतं आणि झडप त्याच्या वर राहते. उजव्या कुशीवर नेमकं उलट होतं. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवणं एखाद्या दिवशी जमलंच नाही, तर निदान उतार आणि डावी कूस या दोन गोष्टी चुकवू नयेत. झोपताना पट्टा, लेंग्याची नाडी आणि आतल्या चड्डीचं घट्ट इलॅस्टिकही सैल हवं.

पथ्य_आणि_पाककृती

ताई, प्रश्नावलीत एक रकाना रोजच्या नोंदीचा ठेवा: जेवणाची वेळ, काय खाल्लं, आडवं कधी झाले, जळजळ कधी झाली. दोन आठवडे भरून घ्या आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला. चहा, कांदा, तेल आणि झोपेची वेळ एकदम बदलली तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि कामगार चार दिवसांत सगळंच सोडून देतो. दुसऱ्या पाळीत पहिला बदल जेवणाच्या वेळेचाच करा.